डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल, पण भाऊ पहिल्यासारखा नाही. हे मोजायचं कसं?

कपाशी_दारव्हा (धागाकर्ता) | ९ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वाचतो नेहमी, लिहायला पहिल्यांदाच बसलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा लहान भाऊ, वय १९, आमच्या गावच्या कबड्डी संघाचा मेन रेडर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात ५५ किलो वजनगटाचे सामने होते. सेकंड हाफमध्ये बोनस घेऊन फिरताना डाव्या कॉर्नरनं त्याचा पाय धरला आणि दुसऱ्या पोराचा गुडघा थेट कानशिलावर बसला. खाली पडला. चार-पाच सेकंद काहीच हालचाल नाही. मग उठून बसला, डोक्यावर पाणी मारलं, आणि दोन रेड गेल्यावर परत आत. मीच पाठवला. आमच्याकडे आठच पोरं होती आणि एकाचा पाय आधीच मुरगळला होता. सामना आम्ही जिंकलो. येताना गाडीत त्यानं तीनदा विचारलं, "दादा आपण जिंकलो का?" तिन्ही वेळा सांगितलं. सगळे हसले, मीपण.

दुसऱ्या दिवशी उलटी झाली म्हणून एका दवाखान्यात नेलं, सीटी काढला, रिपोर्ट एकदम नॉर्मल, घरी न्या म्हणाले. आता महिना उलटून गेला. डोकं दुखतं, ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नाही, चिडतो, रात्री झोप नाही आणि दुपारी गुंगी. पोलीस भरतीची तयारी करतो तो. १०० मार्कांचा पेपर ९० मिनिटांत सोडवायचा असतो, आधी दहा मिनिटं राखून उठायचा, आता निम्मा पेपर राहतो. एकच प्रश्न तीनदा वाचतो. घरी कापूस वेचणीच्या बायांचं वजन काट्यावर तोच करतो, कोणाचे किती किलो, किती मजुरी, सगळं तोंडी. आता वहीत खाडाखोड करतो.

बाबा म्हणतात भरतीचा अभ्यास नको म्हणून बहाणे आहेत. आई रडते. माझा प्रश्न एवढाच की सीटी नॉर्मल असताना डोक्यात काही बिघडलं आहे का हे मोजता येतं का? ताप थर्मामीटरनं मोजतो तसं काही? आणि २६ जानेवारीला आमच्या गावचेच सामने आहेत, तो खेळतो म्हणतो.

---

रानवारा | ९ जानेवारी, रात्री १०:२०

२६ ला खेळू देऊ नका. बाकी सगळं नंतर.

---

आखाडा_परतवाडा | ९ जानेवारी, रात्री १०:४७

भाऊ मी २२ वर्षं मातीत कुस्ती खेळलो. डोकं किती वेळा आपटलं त्याचा हिशोब नाही. आमचे वस्ताद नाकाले कांदा लावत आन् म्हणत उठ. काही झालं नाही मले. आजकालच्या पोट्ट्यायचा रात्रभर मोबाईल असते हातात, मंग डोकं दुखन नाही तं काय. बदाम, दूध द्या, मोबाईल काढून घ्या, सकाळी पळाले लावा. महिन्याभरात घोड्यावानी होते.

---

सिस्टर_हिंगणघाट | १० जानेवारी, सकाळी ६:३५

नाइट ड्यूटी संपवून लिहितेय. आखाडा काका, राग मानू नका, पण हाच सल्ला ऐकून आलेली पोरं मी वॉर्डात बघते.

दादा, सीटीवर दिसतं ते रक्त, सूज, हाडाची चीर. ते नाही म्हणजे ऑपरेशनची गरज नाही, एवढाच नॉर्मलचा अर्थ. मार लागलाच नाही असा अर्थ नाही होत. इंग्रजीत कन्कशन म्हणतात त्याला. यात मेंदूची रचना जागच्या जागी असते पण काम बिघडलेलं असतं, आणि काम फोटोत येत नाही.

आता हे सगळ्यांसाठी, घरात मोठ्यानं वाचून दाखवा. मार लागल्यावर डोकेदुखी वाढतच गेली, परत परत उलट्या, झटका आला, एका बाजूचा हातपाय ढिला पडला, दोन दोन दिसायला लागलं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, मान हलवताना कळ, किंवा उठवूनही नीट उठत नाही, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन, सकाळची वाट बघायची नाही. आणि मान दुखतेय म्हणणाऱ्या पोराला काखेत हात घालून ओढत मैदानाबाहेर नेऊ नका. सगळे तेच करतात.

---

कॉर्नर_डावा | १० जानेवारी, सकाळी ८:०२

पण बेशुद्ध नाही पडला ना खरं म्हणजे? चार सेकंदाला काय बेशुद्ध म्हणायचं. माझ्यासोबत असं दहादा झालं असेल, डोळ्यापुढे चमकतं आणि जातं.

---

निवासी_डॉक्टर | १० जानेवारी, दुपारी २:१८

मेंदूरोग विभागात रेसिडेंट आहे, मूळ लाखनीचा, त्यामुळे कबड्डी लहानपणापासून बघितली आहे. थोडं सविस्तर लिहितो.

कॉर्नर भाऊ, खेळातल्या बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. बेशुद्धीची वाट बघत बसलो तर बहुतेक पोरं हातून निसटतात. सुकलेला गोटा नारळ कानाशी हलवून बघा, आत खोबरं वाजतं. मेंदू तसा मोकळा नसतो, पाण्यात तरंगत असतो आणि घट्ट दह्यासारखा मऊ असतो, पण गोष्ट तशीच. कवटी एकदम थांबते किंवा गरकन वळते आणि आतलं उशिरा थांबतं. त्यात मेंदूतले बारीक धागे ताणले जातात, पेशींमधलं क्षारांचं गणित बिघडतं, ते परत जागेवर आणायला मेंदूला जास्त ताकद लागते आणि नेमका त्याच दिवसांत पुरवठा कमी पडतो. बरं व्हायचं काम चालू असतानाच दुसरा मार बसला तर फार वाईट. क्वचित होतं, पण कोवळ्या वयाच्या पोरांत दुसऱ्या मारानंतर मेंदू झपाट्यानं सुजून मृत्यूसुद्धा झालेत. म्हणून रानवाराची एक ओळ या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची.

आता मोजण्याचं. थर्मामीटरसारखं एक यंत्र नाही, पण मोजता येतं. मैदानावरच विचारायचे पाच प्रश्न आहेत, मॅडॉक्सचे प्रश्न म्हणतात, १९९५ पासून वापरात आहेत. आपण कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ चालू आहे, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी झाला, तो जिंकलो का. तुमचा भाऊ गाडीत तीनदा काय विचारत होता ते परत वाचा. परीक्षा त्यानं स्वतःच दिली होती, पेपर तपासायला कोणी नव्हतं. (हे तुम्हाला दोष द्यायला नाही लिहिलं. मी स्वतः मेडिकलला जायच्या आधी एका मित्राला असाच परत आत ढकललाय.)

त्याहून मोठी तपासणी म्हणजे स्कॅट. तिची सहावी आवृत्ती २०२३ ला आली, डॉक्टर-फिजिओ लोकांसाठी आहे, त्यात शब्दांची यादी पाठ, आकडे उलटे, महिने उलटे, एका पायावर तोल वगैरे. पण ती पहिल्या तीन दिवसांत कामाची. महिन्याभरानंतर न्यूरोसायकॉलॉजीची तपासणी लागते, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग मोजणारी, दीड-दोन तासांची. आणि हो, मोठ्या माणसांत कन्कशन बहुतेकदा दोन आठवड्यांत निवळतं, पोरांना चार आठवडे लागू शकतात. तुमचे पाच होत आले, म्हणजे दाखवायलाच हवं.

---

आखाडा_परतवाडा | १० जानेवारी, संध्याकाळी ७:३०

डॉक्टर साहेब तुमचा मान ठेवून विचारतो. महिने उलटे म्हना, तारीख सांगा, यानं डोकं कसं कळते? मले आजची तारीख आजही माहीत नाही. मंग मी येडा का?

---

मास्तर_मेहकर | १० जानेवारी, रात्री ९:१५

आखाडा काकांचा हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. माझ्या आजीची गोष्ट सांगतो, विषय थोडा बाजूला जाईल.

आजी ८१ वर्षांची, शाळेची पायरी चढली नाही. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात तिची स्मरणशक्ती तपासली, तीस मार्कांची. तारीख विचारली. आजी म्हणाली "अष्टमी". मुलीनं कागदावर शून्य लिहिलं. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर अष्टमीच होती! महिना विचारला, आजीनं मार्गशीर्ष सांगितला, परत शून्य. मग एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढायला पेन्सिल दिली. तिनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही, हात थरथरायला लागले. एक वाक्य लिहा म्हणे. एकूण १४ मार्क पडले आणि घरी आलो ते स्मृतिभ्रंशाचा शिक्का घेऊन. काका गप्प, काकू शेजाऱ्यांना सांगून मोकळी. आणि तीच आजी कोणत्या धुऱ्यावर कोणाशी कोणत्या साली भांडण झालं, कोणाकडे किती पायली ज्वारी बाकी आहे, हे घडाघडा सांगते. आजही.

मी नंतर शोधलं. ती तपासणी १९७५ ची अमेरिकेतली, शिकलेल्या माणसांवर बेतलेली. आपल्या देशात ही अडचण कोणाच्या लक्षात आली नाही असंही नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिचं हिंदी रूप १९९५ ला आलं. त्यात 'डोळे मिटा' हे वाचायला लावण्याऐवजी 'माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा' म्हणतात. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा म्हणतात. इतकं साधं आहे ते. मग आमच्या शिबिरात तोच जुना कागद का आला?

---

सिस्टर_हिंगणघाट | १० जानेवारी, रात्री ९:४०

मास्तर, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही तो कागद असाच भरला जातो, रांग मोठी असते, पाच मिनिटांत एक माणूस उरकायचा असतो. उद्यापासून मी तिथी विचारेन.

---

निवासी_डॉक्टर | १० जानेवारी, रात्री ११:०५

मास्तरांचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्या बाजूची चूक मान्य. मोका नावाची दुसरी तपासणी आहे, तीस मार्कांचीच, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा कट ऑफ २६ आहे आणि बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक मार्क वाढवून देतात. पण मुळीच न शिकलेल्याला एका मार्कानं काय होतंय! तिच्या मूळ इंग्रजीत लक्षात ठेवायच्या पाच शब्दांत मखमल, चर्च आणि डेझी आहे, चित्रांत सिंह, गेंडा आणि उंट. मूळ जशीच्या तशी उचलून आपल्याकडे विचारली तर आपण स्मरणशक्ती मोजतो की त्या माणसानं काय काय पाहिलंय ते मोजतो?

आकडा खोटा नसतो हो, पण त्या माणसाला कधी काय येत होतं ते माहीत नसेल तर एकटा आकडा मुका असतो. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच व्हायला पाहिजे. परदेशात मोठ्या संघांमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधीच खेळाडूची तपासणी करून ठेवतात, बेसलाइन म्हणतात. मार लागला की परत तीच, आणि फरक बघायचा. त्यातही गोची होते, काही खेळाडू पहिली मुद्दाम खराब देतात म्हणजे नंतरचा फरक दिसू नये. आणि तोच पेपर परत परत दिला की तो पाठही होतो.

कपाशी भाऊ, तुमच्या भावाची बेसलाइन नाही. पण जुनं काही लिहिलेलं असेल ना? सराव पेपर, वह्या, काहीही?

---

कपाशी_दारव्हा (धागाकर्ता) | १० जानेवारी, रात्री ११:२१

सराव पेपरची उत्तरपत्रिका तिथंच जमा करतात. बघतो घरात काही सापडते का.

---

कॉर्नर_डावा | ११ जानेवारी, दुपारी १:००

महिने उलटे म्हणून बघितले. डिसेंबर नोव्हेंबर ऑक्टोबर सप्टेंबर... जूनपाशी अडकलो. आता मला कोणी खेळू देणार नाही 😄

---

मास्तर_मेहकर | ११ जानेवारी, दुपारी ४:३०

मी आत्ता आजीला विचारले, आपले महिने. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद, श्रावण, आषाढ, ज्येष्ठ, वैशाख, चैत्र. एका दमात. वरून म्हणते, "अधिक कुठं टाकू?"

---

रानवारा | ११ जानेवारी, दुपारी ४:३३

आजीला ३० पैकी ३१.

---

संत्रा_वरुड | ११ जानेवारी, रात्री ८:५०

मास्तरांसारखंच, पण आमच्याकडे लकवा. वडिलांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, डावीकडच्या मेंदूचा झटका होता. कळतं सगळं, पण शब्द येत नाही, पाणी म्हणायचं तर भलतंच काही निघतं. सहा महिन्यांनी एका ठिकाणी त्यांची तपासणी केली, चार मार्क. आमच्यासमोर त्या माणसानं म्हटलं की यांना आता काही समजत नाही. बाबांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी, कारण ते त्यांना बरोबर समजलं होतं. आजही डाव्या हातानं संत्र्याची प्रतवारी करतात, नजरेनं, आणि व्यापाऱ्यानं क्रेट कमी मोजला की हाताला धरून थांबवतात. भाषेतूनच सगळं विचाराल तर भाषा गेलेल्या माणसाला शून्यच पडणार.

नंतर एक चांगल्या बाई भेटल्या, वाचा उपचार करणाऱ्या. त्यांनी चित्रं जुळवायला दिली, ठोकळे दिले, खुणेनं हो-नाही करू दिलं. त्या दिवशी बाबा दोन वर्षांत पहिल्यांदा ताठ बसले.

---

वर्धाकाठ | १२ जानेवारी, सकाळी १०:१०

मी उलटी बाजू सांगतो, कारण इथं वाचून कोणी 'म्हाताऱ्यांची तपासणी म्हणजे फालतूपणा' असं धरून बसायला नको.

माझे मामा ७२ वर्षांचे. पोळ्याच्या दिवशी बैलानं ढुशी दिली, डोकं गोठ्याच्या खांबावर बसलं, थोडं टेंगूळ आलं, कोणी मनावर घेतलं नाही. दिवाळीपर्यंत मामा बदलले. चपला उलट्या घालू लागले, चालताना एक पाय ओढू लागले, जेवल्यावर परत जेवायला मागू लागले. सगळे म्हणाले वय झालं. मामी म्हणाली वय एका महिन्यात होत नसते. फक्त ती म्हणाली. तिच्या हट्टापायी सीटी काढला तर कवटी आणि मेंदूच्या मधे जुनं रक्त साचलेलं, हळूहळू वाढत गेलेलं. कवटीला दोन भोकं पाडून काढलं. आठव्या दिवशी मामांनी विचारलं सोयाबीन कितीनं दिलं, आणि मी भाव सांगितल्यावर मला शिव्या घातल्या. इतका आनंद मला कोणत्याच शिव्यांनी झाला नाही.

---

निवासी_डॉक्टर | १२ जानेवारी, दुपारी ३:२५

वर्धाकाठ, हे लिहिलंत फार चांगलं केलं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, कवटीशी जोडणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात, किरकोळ धक्क्यानंही त्यातली एखादी झिरपायला लागते आणि लक्षणं कित्येक आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दारू असेल तर धोका आणखी. विसरभोळेपणाची अशी बरी होणारी कारणं आधी शोधायची असतात. बी १२ कमी, थायरॉईड, औषधांची गुंगी, नैराश्य. हे सगळं न बघता स्मृतिभ्रंश म्हणून मोकळं होऊ नये.

---

कॉर्नर_डावा | १२ जानेवारी, रात्री ९:४४

आता मी घाबरलोय. नेटवर बघितलं, तिकडच्या अमेरिकन फुटबॉलवाल्यांचे (एनएफएलचे, आपला पायानं खेळायचा फुटबॉल नाही) मेंदू मेल्यावर तपासले, १११ पैकी ११० जणांना डोक्याला सारखा मार बसून होणारा सीटीई नावाचा आजार निघाला. म्हणजे आम्ही सगळे गेलोच की.

---

निवासी_डॉक्टर | १२ जानेवारी, रात्री ११:५०

थांबा थांबा. आकडा खरा आहे, २०१७ चा, बोस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांचा. पण ते मेंदू दान केलेले होते. ज्यांच्या घरच्यांना आधीच काहीतरी बिघडलंय असं वाटत होतं, त्यांनीच बहुतेक दान दिले. आजारी झाडांची पानं कृषी केंद्रात नेली आणि बहुतेक पानांवर रोग निघाला, म्हणून तालुक्यातली सगळी कपाशी रोगट म्हणता येत नाही.

आजार मात्र खरा आहे. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरांनी बॉक्सरांबद्दल लिहून ठेवलंय, अडखळत चालणं, जड बोलणं, गोंधळलेलं डोकं. फुटबॉलवाल्यांमधला पहिला मेंदू २००२ ला बेनेट ओमालू यांनी तपासला, माइक वेबस्टर नावाचा खेळाडू होता, वयाच्या पन्नाशीत गेलेला. टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत ठिकठिकाणी साचलेलं असतं यात. पक्कं निदान आजही मेल्यावरच होतं. वर्षानुवर्षं बसलेल्या माराशी त्याचा संबंध लावतात, एका गुडघ्याशी नाही. त्यामुळे आज रात्री झोपा. पण 'डोळ्यापुढे चमकतं आणि जातं' हे दहा वेळा झालंय म्हणालात ना, अकराव्यांदा झालं की त्या दिवशीचा खेळ बंद. चमकणं म्हणजे मार मेंदूपर्यंत पोचला.

---

वर्धाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ७:५५

क्रिकेटमधे पण आहेच की. नरी कॉन्ट्रॅक्टर, आपला कॅप्टन, १९६२ ला वेस्ट इंडीजमधे ग्रिफिथचा बॉल डोक्यात. कवटी फुटली, ऑपरेशन, आणि रक्त कोणी दिलं तर त्यांचा कॅप्टन फ्रँक वॉरेल यानं. वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी गहिवरत. आणि रमण लांबा, फेब्रुवारी १९९८, ढाक्यात क्लबच्या सामन्यात शॉर्ट लेगला बिनाहेल्मेट उभा होता. बॉल लागल्यावर चालत बाहेर गेला. तीन दिवसांनी गेला. चालत बाहेर गेला म्हणजे बरा आहे असं नसते.

---

रानवारा | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

आणि आता तिथं आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१९ पासून कन्कशन सब्स्टिट्यूट आहे. स्मिथला आर्चरचा बॉल लागला, त्याच्या जागी लाबुशेन आला, तोच पहिला. डोक्याला लागलं की बदली माणूस पूर्ण खेळाडू म्हणून खेळतो. गावच्या कबड्डीत हे का नाही?

---

कॉर्नर_डावा | १३ जानेवारी, दुपारी १२:३०

कारण बदली माणूसच नसतो भाऊ. नियमात सात मैदानात आणि पाच राखीव. पण बारा पोरं नेणार कोण? गाडीचं डिझेल, एंट्री फी, वजन भरणारी पोरं. ५५ किलोत बसायला पोरं दोन दिवस उपाशी राहतात, सामन्याच्या दिवशी आधीच अर्धी चक्कर आलेली असते. आमचा संघ नेहमी आठ. एक लंगडा झाला की सात. मग डोकं धरून बसलेल्या पोराला पाणी मारतात, कारण तो नाही गेला तर सहावर खेळावं लागतं. कपाशी भाऊनं काही वेगळं नाही केलं. सगळे तेच करतो.

---

आखाडा_परतवाडा | १३ जानेवारी, रात्री १०:०५

हे खरं बोलला पोट्टा.

मी आता कुस्ती सोडून गावातल्या कबड्डीत पंच असतो. डॉक्टर, तुमचं समदं मले पटलं असं नाही. आमचे पैलवान धडधाकट म्हातारे झाले, ते मी डोयानं पायले. पन विचार करत व्हतो. जे धडधाकट नाही झाले ते आखाड्यात येतच नाही नं, तं मले दिसन कसे. एक होते आमच्यातले, लय मोठं नाव, शेवटी शेवटी घरचा रस्ता चुकत. आम्ही म्हनो दारूनं झालं. दारू व्हतीच. पन आता वाटते नुसती दारूच व्हती का.

माहा प्रश्न वेगळा हाय. पंचानं काय करावं ते साध्या भाषेत सांगा. डोक्याले लागलं तं त्याले बाहेर बसवाचं, हे ठीक. पन त्याचा संघ सहावर आला तं लोकं मलेच मारतीन.

---

निवासी_डॉक्टर | १४ जानेवारी, सकाळी ९:२०

आखाडा काका, तुम्ही शेवटी लिहिलंत त्यावर आम्हाला एक अख्खा तास शिकवतात. जे दिसत नाहीत त्यांचा हिशोब.

पंचासाठी असं. डोक्याला लागून पडला, धडपडत उठला, डोळे शून्यात, किंवा डोकं धरून बसला, तर ते पाच प्रश्न विचारा. एक जरी चुकला तर बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. पाचही बरोबर आले पण डोकं दुखतंय किंवा गरगरतंय म्हणाला तरी बाहेर. शंका आली तरी बाहेर. रात्री एकटा झोपवायचा नाही, गाडी चालवायला द्यायची नाही. एक-दोन दिवस आराम, मग चालणं, मग हलकं पळणं, मग एकट्यानं सराव. डॉक्टरनं बघितल्याशिवाय पकड-झटापट नाही. मधल्या प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास वाढला की मागची पायरी.

समोरच्या संघाचं तुम्हीच ठरवू शकता. सामन्याआधी दोन्ही कॅप्टनना बोलवा आणि सांगा, डोक्याच्या दुखापतीत समोरच्यानंही एक माणूस बसवायचा, सहाला सहा. गावच्या सामन्यात नियम पत्रिकेवरच छापतात ना, त्यात एक ओळ.

---

आखाडा_परतवाडा | १४ जानेवारी, सकाळी ९:५१

सहाले सहा. हे जमते.

---

सिस्टर_हिंगणघाट | २५ जानेवारी, रात्री ८:००

कपाशी दादा, उद्या २६. काय ठरलं?

---

कपाशी_दारव्हा (धागाकर्ता) | २७ जानेवारी, सकाळी ७:१५

नाही खेळला. घरात मोठं भांडण झालं, दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मंडळाच्या पोरांनी टोमणे मारले, त्यातले दोघं माझे मित्र आहेत. त्याला स्कोअरच्या टेबलावर बसवलं, पण स्पीकरच्या आवाजानं पंधरा मिनिटांत डोकं धरून उठला आणि घरी जाऊन अंधारात झोपला. तेव्हा बाबा त्याच्या खोलीत गेले. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाले की नागपूरची तारीख घे.

---

संत्रा_वरुड | २७ जानेवारी, सकाळी ९:००

बरं केलं. जाताना आईला सोबत न्या. घरच्या बाईला दिसतं ते डॉक्टरला दोन तासांत दिसत नाही.

---

कपाशी_दारव्हा (धागाकर्ता) | १४ मार्च, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. मधे तूर होती.

फेब्रुवारीत नंबर लागला. आधी मेंदूच्या डॉक्टरांनी बघितलं, मग दुसऱ्या दिवशी एका मॅडमनी दोन तास तपासणी घेतली. मराठीतच. सुरुवातीलाच विचारलं शिक्षण किती, घरी कोणती बोली बोलता, रात्री किती झोपलास. मग आकडे ऐकवून उलटे सांगायला लावले, कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं जोडायला लावले, मग एक आकडा एक अक्षर असं आलटून पालटून. एका कागदावर खुणा आणि त्यांचे आकडे, दीड मिनिटात जमेल तेवढे भरायचे. पंधरा शब्दांची यादी पाचदा ऐकवली आणि अर्ध्या तासानं परत विचारली. शेवटी शेवटी तो घामाघूम झाला होता. मॅडमनी मधे दोनदा थांबून चहा पाजला.

आईला वेगळं बसवून विचारलं. आणि आईनं पिशवीतून काय काढलं तर वेचणीची वही. मला माहीतच नव्हतं ती आणली आहे. मी सराव पेपर शोधत बसलो होतो, डॉक्टरांनी इथं विचारल्यापासून, आणि ती वही रोज माझ्याच समोर काट्याजवळ पडलेली. दिवाळीनंतरची पानं एकदम स्वच्छ, एकेका दिवशी वीस-बावीस बाया, किलो, भाव, रक्कम, बेरीज, कुठंच खाडाखोड नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पानावर दोन-तीन बेरजा खोडलेल्या. दोन ठिकाणी एकाच बाईचं नाव दोनदा. मॅडम बराच वेळ ती वही चाळत होत्या. म्हणाल्या, माझ्याकडे याची आधीची तपासणी नव्हती, आता आहे.

निष्कर्ष असा की स्मरणशक्ती चांगली आहे. यादीतले शब्द अर्ध्या तासानंही बहुतेक सांगितले त्यानं. वेग कमी झालाय आणि लक्ष टिकत नाही. गोष्ट आत नीट जातच नाही म्हणून नंतर आठवत नाही, त्याला आम्ही विसरणं म्हणत होतो. शिवाय झोप मोडल्यामुळं आणि मन खचल्यामुळं त्यात भर. डोकेदुखीसाठी तो रोज मेडिकलमधून गोळी आणून घेत होता, आम्हाला न सांगता. रोजच्या गोळीनंच डोकेदुखी चिकटून बसते म्हणाले, ती हळूहळू बंद केली आणि झोपेची वेळ बांधून दिली. रोज चालायचं, डोकं जरा जड झालं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं पुढं. अभ्यास वीस मिनिटं, मग दहा मिनिटं डोळे मिटून. या वर्षी कबड्डी नाही.

बाबांनी मॅडमना एकच विचारलं, हा नाटक करतो का? त्या म्हणाल्या, नाटक करणारा सोप्या प्रश्नांतही चुकतो, हा सोपे सगळे बरोबर सोडवतो आणि जिथं वेग लागतो तिथंच अडकतो. बाबा काही बोलले नाहीत. येताना बसमध्ये त्याला खिडकीकडची जागा दिली, मग उजेड नको म्हणून बदलून स्वतः खिडकीशी बसले.

---

निवासी_डॉक्टर | १४ मार्च, रात्री ११:४०

वेचणीची वही! आमच्या विभागात उद्या सांगतो, नाव-गाव न घेता. भरतीचं टेन्शन घेऊ देऊ नका, वेग हळूहळू परत येतो, आणि उदास वाटलं तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

---

मास्तर_मेहकर | १५ मार्च, सकाळी ७:००

आमच्या शाळेच्या कबड्डी संघातल्या पोरांकडून जूनमध्येच काहीतरी लिहून घेतो. पाढे, उलटे महिने, एक पान शुद्धलेखन, तारीख टाकून ठेवतो कपाटात. पाच वर्षांत एकदा जरी लागलं तरी पुरे.

---

आखाडा_परतवाडा | १५ मार्च, रात्री ८:१८

फेब्रुवारीतल्या सामन्याच्या पत्रिकेवर ते सहाले सहा छापलं व्हतं. एकदा लागू कराव लागलं. एका पोट्ट्याले ईचारलं कितवा हाफ, तो म्हने पह्यला. व्हता दुसरा. बसवला. गोंधळ झाला, पन दोन्ही कॅप्टननं आधी सही केली व्हती. कपाशी भाऊ, तुह्या भावाले सांग, बरा झाला का पंचाचं शिकाले ये इकडे.

---

कपाशी_दारव्हा (धागाकर्ता) | १५ मार्च, रात्री ८:४०

सांगतो काका. परवा तुरीची पोती त्यानं मोजली, बेचाळीस. हळू मोजली, पण मी परत मोजली तेव्हाही बेचाळीसच निघाली. पुढची तारीख २० एप्रिल, वही सोबत नेतो.